तुमचा ग्रुप आहे की गट?

गँग, कट्टा, कंपू, पोट्टे, मित्रमंडळ... दोस्तांच्या घोळक्याला मराठीत शब्द ढीगभर. पण रात्री साडेदहाला दार वाजवायची वेळ आली, तर यातला कोणता शब्द चप्पल घालून बाहेर पडतो?

"तू मूळची कुठली?"

"मालेगाव."

"ओह! ते सुपरबॉइजवालं?"

नाही हो, ते नाही. ते नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव. यंत्रमागाचं, घरगुती सिनेमांचं, सगळ्या देशाला माहीत असलेलं. माझं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. सातबाऱ्यावरची जुनी माणसं त्याला मालेगाव जहागीर म्हणतात. अकोल्याहून वाशिमला जाताना पातूरचा घाट आणि मेडशी मागे टाकलं की लागतं ते. १९९८ सालच्या १ जुलैला वाशिम जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही अकोलेकरच होतो. सोयाबीन, तूर, एसटी स्टँड, चहाच्या टपऱ्या आणि पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स. झालं आमचं गाव. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, त्यामुळे मुंबई-नागपूर करणारे लोक आमच्या शेजारून ताशी १२०च्या स्पीडने निघून जातात. थांबत कुणी नाही!

तर, मार्च २०२५. पुण्यातली आमची सहा जणांची गँग 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' बघायला गेली होती. रीमा कागतीचा सिनेमा, त्या दुसऱ्या मालेगावातल्या नासिर शेख आणि त्याच्या दोस्तांवरचा. याच मंडळींवर २००८ साली फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी केली होती. खिशात पैसे नाहीत, कॅमेरा चालवायचा तर सायकलवर बसून, पण दोस्त मात्र सगळे हजर! सिनेमा संपल्यावर आम्ही सहाही जण डोळे पुसत कॉफी प्यायला बसलो. तेव्हा आमच्यातल्या एका कोल्हापूरच्या पठ्ठ्याने विचारलं, "ए, तुमच्या मालेगावात ग्रुपला काय म्हणतात?"

सोपा प्रश्न होता. पण मास कॉमची डिग्री घेतलेली, शब्दांवर पोट भरणारी मी चक्क गप्प बसले. मुलांच्या ग्रुपला काय म्हणतात ते पटकन सांगता आलं. मुलींच्या ग्रुपला?

तिथून हा शोध सुरू झाला.

कट्टा जप्त!

आधी सगळ्यांच्या ओळखीचे शब्द घेऊ. पहिला नंबर अर्थातच कट्ट्याचा. कट्टा म्हणजे खरं तर बसायची जागा, दगड-विटांची. पण कॉलेजात जागेचं नाव बसणाऱ्यांना चिकटतं. "आमचा कट्टा" म्हटलं की दगड नाही, माणसं दिसतात. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' ही कादंबरी पुण्याच्या कॉलेजातली, २०१३ साली तिच्यावर सिनेमा आला आणि 'कट्टा गँग' हा शब्द पार खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजपर्यंत पोहोचला. मजा अशी की आमच्याकडच्या पेपरात कट्टा हा शब्द बऱ्याचदा 'देशी कट्टा जप्त, दोघांना अटक' अशा हेडिंगमध्ये येतो. म्हणजे गावठी पिस्तूल! पुण्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात रूममेट म्हणाली, "संध्याकाळी कट्ट्यावर ये," तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

अड्ड्याचंही तसंच. बंगाल्यांचा अड्डा म्हणजे साहित्य, फुटबॉल, राजकारण यांवरच्या तासन्‌तास गप्पा. आपल्याकडे मात्र जुगाराचा अड्डा, दारूचा अड्डा. अलीकडे हॉटेलवाल्यांनी 'मिसळ अड्डा' वगैरे करून त्याला जरा आंघोळ घातली, इतकंच.

कंपूची गोष्ट तर भारीच आहे. आज आपण "तो त्यांच्या कंपूतला आहे" असं नाक मुरडून म्हणतो. ऑफिसात अप्रेझलच्या सीझनला हा शब्द फार चालतो. पण मुळात कंपू म्हणजे फौज. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन नावाचा युरोपियन सेनानी होता, त्याने कवायत शिकवलेल्या पलटणी उभ्या केल्या. त्यांना त्या काळच्या मराठीत कंपू म्हणत. इंग्रजी कॅम्पचा हा भाऊबंद. एके काळी तोफा ओढणारा शब्द आता कॅन्टीनमध्ये कुजबुज करतो. काय दिवस आले!

टोळकं म्हटलं की गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली, शिट्ट्या मारणारी मुलं. पण त्याचीच थोरली बहीण टोळी मात्र कष्टाची आहे. ऊसतोडीची टोळी असते. आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला मजुरांची टोळी सांगावी लागते, आणि चांगली टोळी मिळाली तर शेतकरी पोळी-भाजी घालून तिचं कौतुक करतो. म्हणजे बघा, कामाला लागली की टोळी, रिकामी बसली की टोळकं!

आणि या सगळ्या शब्दांच्या वर, अगदी देवघरात ठेवावा असा, 'मैत्र'. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०. तिच्या शेवटी जे पसायदान आहे त्यात हा शब्द येतो, तोही चारदोन मित्रांसाठी नाही, सगळ्या भूतमात्रांसाठी. शब्द इतका मोठा की रोज वापरायला संकोच वाटतो. "आज मैत्र येतंय का पिझ्झा खायला?" असं म्हणून बघा!

पोट्टे आणि फ्लेक्स

आता मालेगाव. आमच्याकडे मुलांच्या ग्रुपला एकच शब्द, पोट्टे. शब्दशः मुलगे. पण "पोट्टे येऊन राह्यले" म्हटलं की कुठले, किती, कशाला हे सांगावं लागत नाही. कुणाच्या लग्नात पंगत वाढायची असेल, कुणाची बैलगाडी नाल्यात अडकली असेल, किंवा माघ महिन्यात डव्ह्याच्या नाथनंगे महाराजांच्या यात्रेला जायचं असेल, तर फोन एकच, "पोट्टे पाठव बे चारदोन." पंचविशीतला असो की पन्नाशीतला, ग्रुपमध्ये असेतो तो पोट्टाच. परवा आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी बहात्तराव्या वर्षी सांगितलं, "आज आमचे पोट्टे जमणार हायत पारावर." जमले ते चारही जण काठी टेकत आले होते.

हेच पोट्टे जरा मोठे झाले, एखाद्या भाऊंच्या मागे उभे राहिले की त्यांचं मित्रमंडळ होतं. हा शब्द तर आपल्या चौकाचौकातला. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं आणि मंडळ हा शब्द घराघरात गेला. मंडळ म्हणजे वर्तुळ, गोल. आता या गोलाला अध्यक्ष असतो, उपाध्यक्ष असतो, कार्याध्यक्ष असतो, वर्गणीची पावती असते. धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढायची असते. एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर मी एकदा मोजले, वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे सत्तेचाळीस चेहरे होते. गॉगल लावलेले एकवीस. बायका शून्य. नाही, एक होती. सगळ्यात वर, आशीर्वाद देणारी देवी.

(बाय द वे, जुन्या मराठीत 'आमची मंडळी' म्हणजे बायको! नवरा मित्रमंडळात, घरची मंडळी स्वयंपाकघरात. शब्दांनी किती छान वाटणी केली होती.)

तर प्रश्न कायम. पोट्ट्यांना शब्द आहे, पोट्ट्यांच्या मंडळाला शब्द आहे. आमच्यासाठी काय?

भुलाबाईच्या पोरी

आमच्याकडे होता तसा एक शब्द. वर्षातला एक महिना पुरायचा. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसतात, त्या कोजागरीपर्यंत. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली एकेका घरी जातात, टिपऱ्या वाजवून गाणी म्हणतात आणि मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. ओळखला नाही तर यजमानीण खूश, ओळखला तर आम्ही. या दिवसांत आम्हाला सगळे 'भुलाबाईच्या पोरी' म्हणायचे. अकरा जणी होतो. आमच्यातली एक तर डबा हलवून आवाजावरून सांगायची, चिवडा आहे की शंकरपाळे.

त्या अकरा जणी आज आठ गावांत आहेत. अकोला, रिसोड, हिंगोली, औरंगाबाद म्हणायची सवय असलेलं छत्रपती संभाजीनगर, पुणे... मुलांचा ग्रुप त्याच पारावर म्हातारा होतो. मुलींचा ग्रुप लग्नपत्रिकांबरोबर वाटला जातो. शब्द टिकायला माणसं एका जागी राहावी लागतात. पोट्टे राहिले, म्हणून शब्द राहिला. आम्ही पांगलो, म्हणून उरल्या नुसत्या मैत्रिणी. एकेकट्या.

एवढा लेख मी मनात लिहून ठेवला होता. थोडा रडका, थोडा फेमिनिस्ट. छापूनही आला असता. पण जुलै २०२५मध्ये एक गोष्ट घडली आणि हा लेख माझ्या हातात उलटा झाला.

साडेदहाचा ठराव

मी पुण्यात होते. रात्री साडेदहाला आईचा फोन. बाबांच्या छातीत दुखतंय, घामाने भिजलेत, इथल्या डॉक्टरांनी ताबडतोब अकोल्याला न्यायला सांगितलंय. साठेक किलोमीटर, पावसाची रात्र, मधे घाट. भाऊ बंगळुरूला. मी पुण्याला. आमच्या घरी वॉकरवर चालणारी आजी.

फोन ठेवल्यावर मी काय केलं? गँगच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "बाबांना अटॅक आलाय बहुतेक." पाच मिनिटांत पाच उत्तरं आली. "ओ नो." "टेक केअर यार." "काही लागलं तर सांग." हात जोडलेले दोन इमोजी. मग ग्रुप शांत झाला. मी तिकीट बुक करत होते, हात थरथरत होते, आणि ट्रॅव्हल्स कधीच सुटून गेल्या होत्या.

तिकडे काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आईने माझ्यानंतर दुसरा फोन केला तो गल्लीतल्या एका काकूंना. त्या तिच्या बचत गटाच्या सचिव. गटाची बैठक त्याच दिवशी दुपारी झाली होती आणि जमलेले हप्ते अजून बँकेत भरायचे होते. नऊ हजार चारशे रुपये. पंधरा मिनिटांत गल्लीतल्या लाइटच्या खांबाखाली, छत्र्या धरून, बारापैकी नऊ जणी जमल्या. तिथेच ठराव झाला. एका काकूंच्या मुलाने गाडी काढली. दोघी आईबरोबर गाडीत बसल्या, एक आजीजवळ झोपायला आली. पहाटेपर्यंत बाबा अकोल्याच्या हॉस्पिटलमध्ये आयसीयूत होते, सुरक्षित. मी दुपारी पोहोचले तेव्हा आई कॉरिडॉरमध्ये डबा खात होती. मालेगावहून सकाळच्या एसटीने आलेला डबा.

पुढचे नऊ दिवस रोज डबा आला. मी मनातल्या मनात म्हटलं, वा, काय मैत्रिणी आहेत आईच्या! आणि तसं तिला बोलूनही दाखवलं.

आई म्हणाली, "मैत्रिणी नाही वं माय. गटातल्या हायत त्या."

मला वाटलं ती कमी लेखतेय. नंतर कळलं, ती मोठं करून सांगत होती.

गट म्हणजे रे काय भाऊ?

गट हा शब्द आपण शहरातले लोक कसा वापरतो? जून २०२२मध्ये शिवसेना फुटली तेव्हापासून तर गट म्हणजे फूट. हा गट, तो गट. पुढच्या वर्षी राष्ट्रवादीतही तेच. टीव्हीवर गट हा शब्द आला की काहीतरी मोडलेलं असतं. मालेगावात गट म्हणजे शेताचा नंबर, गट नंबर. आणि बायकांच्या तोंडी गट म्हणजे बचत गट. तोडणारा नाही, जोडणारा.

बचत गट ही काही नवलाईची गोष्ट नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. 'माविम', म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, महाराष्ट्रात १९७५पासून आहे. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तिथून देशभर ही गाडी धावली. राज्यात पुढे 'उमेद' अभियान आलं. साधारण दहा ते वीस बायका, त्याहून जास्त नाही. आणि पाच नियम, ज्यांना पंचसूत्री म्हणतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब.

माझ्यासारख्यांच्या डोक्यात हे सगळं 'फायनान्स' या कप्प्यात पडलेलं होतं. पापड, लोणची आणि सरकारी योजना. यात दोस्तीचा काय संबंध?

म्हणून दिवाळीला घरी गेले तेव्हा आईबरोबर बैठकीला बसले. दर महिन्याच्या दहा तारखेला, दुपारी तीन वाजता, आळीपाळीने एकेकीच्या घरी. सतरंजी गोल टाकलेली. आधी हजेरी! खरीखुरी, शाळेसारखी. उशिरा आली तर दहा रुपये दंड, न सांगता आली नाही तर वीस. मग महिन्याचे दोनशे रुपये. मग कुणाला कर्ज हवंय, कशासाठी, ते सगळ्यांसमोर सांगायचं. एकीला बोअरची मोटर भरायची होती. एकीला मुलीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता. एकीने सांगितलं, "मले काहीच नाही पाहिजे, पण मालक परत पिऊन राह्यले." त्यावर कर्ज मिळत नाही, पण बैठक पाऊण तास लांबली. मग चहा.

सचिव काकूंनी मला जुलैचं पान दाखवलं. त्या रात्रीचा ठराव. पेनची शाई पावसाने जरा पसरलेली. 'ताईंच्या घरी अडचण असल्यामुळे नऊ हजार चारशे रुपये कर्ज देण्यात येत आहे.' खाली सात सह्या आणि दोन अंगठे. आणि वहीच्या अगदी मागच्या पानावर, पेन्सिलने, नऊ दिवसांच्या डब्याच्या पाळ्या. सोमवार कोण, मंगळवार कोण. एकीच्या नावापुढे कंस करून लिहिलं होतं, 'भाजी बिनतेलाची'.

मी विचारलं, "व्याज घेतलं?"

"घेतलं ना. शेकडा दोन. सगळ्यायले लागते तेच."

मला धक्काच बसला. माणूस आयसीयूत आणि तुम्ही व्याज घेता? आई हसली. म्हणाली, "फुकट दिले असते तर मान खाली गेली असती माही. जनमभर उपकार वाटले असते. व्याज भरलं, हिशेब संपला. आता मी त्यायच्यासंग भांडूही शकते."

हे वाक्य मी पुण्यापर्यंत घेऊन आले. आपल्याला शिकवलंय की दोस्तीत हिशेब आणू नये. इथे बारा बायका सांगत होत्या की हिशेब आहे म्हणून तर बरोबरी आहे, आणि बरोबरी आहे म्हणून दोस्ती आहे. डब्याचा मात्र हिशेब कुणी ठेवला नव्हता. पेन्सिलने लिहिलेलं ते. पैसे पेनने, डबे पेन्सिलने.

सगळंच गोड नाही

आता लगेच गावाकडच्या बायकांची आरती ओवाळू नका. आईच्या गटात पूर्वी तेरा जणी होत्या. तेरावीचे हप्ते थकले. आधी एक महिना, मग तीन. तिच्या नवऱ्याने कर्जाचे पैसे दुसरीकडेच घातले होते. बैठकीत सगळ्यांसमोर तिला विचारलं गेलं आणि ती पुन्हा आली नाही. आता बाजारात दिसली तरी बोलत नाही. आई तिचा विषय निघाला की गप्प होते. दुसरं असं की बाराही जणी एकाच गल्लीतल्या आहेत, आणि आमच्या गावात कुणाची गल्ली कुठली यावर बऱ्याच गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. गोल सतरंजी कितीही मोठी टाकली तरी तिला कडा असतेच.

आणि माझ्या गँगबद्दलही खरं सांगायला हवं. अकोल्यात त्या कॉरिडॉरमध्ये बसून मी त्यांच्यावर भयंकर चिडले होते. 'टेक केअर'वाल्यांनो, कुठे आहात? पण मग ग्रुपमध्ये वर वर स्क्रोल करत गेले. एप्रिलमध्ये आमच्यातल्या एकीची नोकरी गेली होती. तिने रात्री मेसेज टाकला होता. पाच उत्तरं होती. त्यातलं एक माझं. "टेक केअर यार. काही लागलं तर सांग."

तिने काहीच सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. नंतर कळलं, त्या दोन महिन्यांत तिने घरभाड्यासाठी सोन्याची चेन मोडली. आम्ही पाच जण त्याच शहरात होतो. दर वीकेण्डला भेटत होतो. ती 'डाएट'वर आहे म्हणून नुसती ब्लॅक कॉफी घेत होती.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य किती सोयीचं आहे बघा. सांगण्याचं काम ज्याच्यावर आभाळ कोसळलंय त्याच्यावरच! गटात असं चालत नाही. तिथे दर महिन्याला प्रत्येकीला विचारलंच जातं. सांगावं लागत नाही, पाळी येते.

१५०, १५ आणि १०२४

रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९९२ साली एक हिशेब मांडला. माणसाच्या मेंदूला साधारण १५० माणसांशी खरं नातं पेलतं. त्यांच्या मांडणीप्रमाणे त्याच्या आत लहान लहान वर्तुळं असतात. साधारण पाच अगदी जिवाभावाचे, साधारण पंधरा असे की ज्यांच्या दुःखात आपण खरोखर सामील होतो. पन्नासेक त्यानंतरचे. यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण दहा ते वीस बायकांचा गट असावा हे ज्यांनी ठरवलं, ते त्या पंधराच्या वर्तुळातच उभे होते, नाही का?

आणि आपण? व्हॉट्सॲपने २०२२ साली ग्रुपची मर्यादा १०२४ केली. १०२४! लग्नाच्या हॉलमध्ये मावणार नाहीत एवढे लोक एका 'ग्रुप'मध्ये. शब्द इतका ताणला की त्याचं इलॅस्टिक गेलं. बिल्डिंगचा ग्रुप, जिमचा ग्रुप, २०१४च्या बॅचचा ग्रुप, कुठल्याशा ऑफरचा ग्रुप. प्रत्येकात आपण आहोत. हजेरी कुठेच नाही.

आमची पहिली बैठक

नोव्हेंबरमध्ये मी गँगपुढे प्रस्ताव मांडला. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, आळीपाळीने एकेकाच्या घरी. हॉटेल नाही, फोन बाजूला. महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये एका डब्यात. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, "या महिन्यात काय अडलंय?" 'काही नाही' हे उत्तर चालणार नाही.

धमाल प्रतिक्रिया आल्या. "हे काय, एचआरचं वन-ऑन-वन?" "मग मिनिट्स ऑफ मीटिंग कोण लिहिणार?" "अगं, आपली दोस्ती आहे, सोसायटी नाही!" एकाने तर इमोजीसुद्धा टाकला नाही.

पहिल्या बैठकीला तिघं आलो. दुसऱ्या बैठकीला चौघं. चौथी ती होती, नोकरी गेलेली. आता तिला नवी नोकरी आहे. तिची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ डब्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "चेन सोडवायची नाहीये, ती मोडलीच. पण आईला अजून सांगितलं नाहीये. तेवढं सांगायला कुणी बरोबर याल का?"

पैशाचा प्रश्न नव्हताच. पुढच्या रविवारी आम्ही तिघं तिच्याबरोबर सोलापूरच्या गाडीत बसलो. तिच्या आईने आधी रागावून घेतलं, मग सगळ्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी वाढली, आणि निघताना माझ्या हातात एक पिशवी देत विचारलं, "तुम्ही हिच्या ऑफिसातल्या का?"

मी "नाही, मैत्रिणी" म्हणणार होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "माझ्या गटातल्या आहेत."

कोल्हापूरच्या पठ्ठ्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. उशिरा मिळालं, त्यामुळे त्याच्याकडून दहा रुपये घेणं बाकी आहे. तो अजून बैठकीला आलेला नाही. पण तारीख त्याने विचारून ठेवली आहे.

---

चौकट: तुमच्या ग्रुपचा गट करायचाय?

मालेगावची पंचसूत्री, शहरातल्यांसाठी जरा बदलून :

तारीख ठरवा. 'भेटू रे कधीतरी' ही तारीख नाही. महिन्याची दहा, म्हणजे दहा.

माणसं मोजा. सहा चालतील, बारा पुष्कळ. वीसच्या पुढे गेलात तर ती सभा.

डबा ठेवा. रक्कम छोटी, पण प्रत्येकाची सारखी. कुणाचा पगार जास्त म्हणून जास्त नाही.

पाळीने विचारा. जो सगळ्यात जास्त जोक मारतो त्याला सगळ्यात आधी विचारा.

वही ठेवा. पैसे पेनने लिहा. बाकीचं पेन्सिलने.